अर्धवट मिळालेला पंख



गेल्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, आधीच्या माणसानं चुकवून ठेवलेलं काम आपल्या गळ्यात पडलं तर सुरुवात कुठून करायची? सगळं उसवायचं, की आहे तसं पुढे न्यायचं? त्या दिवशी वेळ संपली आणि प्रश्न तसाच राहिला. या वेळचा अभ्यास-लेख बडोद्याच्या गटाकडे होता. आम्ही दोघं नुकतेच लेकीकडून अमेरिकेहून परतलो होतो आणि तिथे चार महिने नेमकं हेच बघत होतो, तेव्हा मंडळींनी लेखणी आमच्याच हाती दिली. विषय विमानाच्या पंखाचा आहे. घाबरू नका. ज्यांनी घरी ब्लाउज शिवलाय त्यांना सगळं कळेल.

आमच्या जावईबापूंनी टेक्सासमध्ये घराच्या गॅरेजात विमान बांधायला घेतलंय. खेळण्यातलं नाही, दोन माणसं बसून उडतील असं. हे ऐकून आमच्या बडोद्याच्या शेजारीणबाई दोन दिवस हसत होत्या. पण तिकडे हा शंभर नंबरी कायदेशीर छंद आहे. ऑरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी सुट्या भागांचे संच विकते. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन या गृहस्थांनी ती १९७३ साली सुरू केली. त्यांच्या संचांवरून लोकांनी स्वतः बांधलेली ११ हजारांहून जास्त विमानं आजवर उडालीत. नियम एवढाच, की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतःच्या शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, पैसे देऊन करवून घेतलेलं नव्हे. आणि आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलंच की! २०१६च्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते ठेवलं होतं आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली.

तर आमच्या जावईबापूंनी नवा संच न घेता अर्धवट झालेला विकत घेतला. एका वयस्क गृहस्थांनी आठ-नऊ वर्षांपूर्वी सुरुवात केली होती, पुढे तब्येतीमुळे हात चालेना, म्हणून विकायला काढला. असं चालतं. आधीच्या हौशी माणसाचं कामही त्या निम्म्यात धरतात, फक्त त्याची वही आणि फोटो हवेत. किंमत नव्या संचाच्या निम्मी. लेक म्हणाली, "आई, स्वस्तात मिळालं म्हणतोय, पण मला धाकधूक वाटते." आम्हाला तेव्हा वाटलं, बायकांची नेहमीची काळजी. पुढे कळलं की तिचं बरोबर होतं, आणि पूर्ण बरोबरही नव्हतं.

आता पंख आतून कसा असतो ते सांगतो. मुख्य आधार म्हणजे आडवी जाड तुळई, तिला स्पार म्हणतात. मागे दुसरी, हलकी तुळई. या दोन्हींच्या मध्ये माशाच्या काट्यांसारख्या बरगड्या, आणि वरून-खालून ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. हे सगळं एकमेकांना धरून ठेवतात ते रिव्हेट. अख्ख्या विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेट लागतात. एक जण बाहेरून हवेच्या बंदुकीनं रिव्हेटच्या डोक्यावर ठोके देतो, दुसरा आतून शेपटीला लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोक्यानं शेपटी चेपून पसरते आणि दोन पत्रे घट्ट आवळले जातात. ठोकळा धरायला बारीक हात बरा पडतो, म्हणून ते काम लेक ऑफिसात असताना आमच्याकडे आलं.

आमच्या पंखाचा वरचा पत्रा आधीच्या गृहस्थांनी बसवून ठेवला होता आणि खालचा अजून लागायचा होता. म्हणजे अस्तर न लावलेल्या कोटासारखं. उलटा करून ठेवला की शिवण आतून सगळी दिसते.

पहिल्या शनिवारी जावईबापू हातात दिवा आणि लाल चिकटपट्टीचा गुंडाळा घेऊन बसले. जिथे रिव्हेट वाकडा तिथे लाल तुकडा. शेपटी किती पसरायला हवी याचं माप ठरलेलं आहे. रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, उंची जाडीच्या निम्मी. पत्र्याचे रिव्हेट इंचाच्या ३/३२ जाडीचे, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास पसरले की ठीक. कुठे कमी चेपलेले होते, कुठे शेपटी एका बाजूला निजलेली. बाहेरच्या बाजूनं काही ठिकाणी चंद्रकोरीसारखे ठसे होते, बंदूक घसरली की ते उठतात. संध्याकाळपर्यंत नव्वदच्या वर लाल तुकडे लागले आणि पंख गोवरानं अंग भरल्यासारखा दिसू लागला. जावईबापू गप्प. रात्री जेवताना त्यांनी त्या गृहस्थांबद्दल जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी लगेच उसवायला घ्यायचं ठरलं होतं. पण त्याआधी एक अनुभवी काका येऊन गेले. तिकडे ईएए म्हणून हौशी विमानवाल्यांची जुनी संस्था आहे, १९५३ साली स्थापन झालेली. तिचे अनुभवी सभासद फुकटात घरी येऊन काम तपासून देतात. सेवाच म्हणायची. काका सत्तरीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी एकेका लाल तुकड्यापाशी दिवा धरला आणि तुकडे काढायला लागले! हा राहू दे. हाही राहू दे. नव्वदातले सतराच ठेवले.

आम्हाला धक्काच बसला. वाकडा दिसतोय तो काढायचा नाही? मग त्यांनी उसवून दाखवलं. रिव्हेटच्या डोक्यावर मध्यभागी एक बारीक खळगा असतो. तो मिश्रधातूची खूण म्हणून असतो, पण ड्रिलचं टोक मध्यावर ठेवायलाही तोच उपयोगी पडतो. डोक्याच्या जाडीपुरतंच खोल जायचं, मग भोकात पंच घालून हलकेच कलवायचा, डोकं टुपकन निघतं. नंतर मागून लाकडाचा आधार देऊन शेपटी टोकरून बाहेर काढायची. यात टोक केसभर जरी सरकलं तरी ड्रिल मऊ पत्र्यात शिरतं आणि गोल भोक लांबट होतं. काका म्हणाले, जरासा तिरपा रिव्हेट आपलं ओझं वाहतो, पण लांबट झालेल्या भोकात बसवलेला देखणा रिव्हेट वाहत नाही.

शिवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. रेशमी कापडावरची शिवण दोनदा उसवली की तिसऱ्यांदा टाका धरत नाही. आम्ही तिथेच म्हटलं, अहो, हे तर आमच्या सासूबाई सांगायच्या! सुईची भोकं बुजत नाहीत. उसवण्याआधी विचार करा, की उसवल्यानं कापड सुधारणार आहे की फक्त आपल्या डोळ्यांना बरं वाटणार आहे.

भोक मोठं झालंच तर उपाय नाही असं नाही. तिकडे एक खास रिव्हेट मिळतो, डोकं लहान मापाचं आणि अंग एक नंबर जाड. त्याला ते लोक ऊप्स रिव्हेट म्हणतात, म्हणजे आपला 'अरेच्चा' रिव्हेट. कपाटात एक डबी भरून होती. पण त्यालाही मर्यादा आहे, ती म्हणजे कडेचं अंतर. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट जागा हवी, आपल्या रिव्हेटला पावणेपाच मिलिमीटर. भोक जाड केलं की ही गरजही वाढते. या आठवड्यात मुलांना घेऊन बसाल तेव्हा एक करून बघा. सुती कापडाचे दोन तुकडे घ्या, एका जोडीला अगदी कडेवरून शिवण घाला, दुसरीला बोटभर आतून, आणि दोन्ही ओढा. कडेवरची फसकते. धागा तुटत नाही, कापडच फाटून धाग्याला सोडून देतं. पत्र्याचंही तसंच.

बरं, त्या सतरांपैकी सोळा तसे सरळ होते, एका रविवारी निघाले आणि बदलले गेले. सतरावा म्हणजे रिव्हेट नव्हताच.

मुळापासून तिसऱ्या बरगडीची मागची पट्टी मागच्या तुळईला जिथे जोडली जाते, तिथे हिरव्या रंगाचा थर बाकीच्यापेक्षा जरा जाड होता. हिरवा रंग म्हणजे गंज धरू नये म्हणून लावायचं प्रायमर. काकांनी नखानं खरवडलं, मग द्रावणानं पुसलं. खाली एक भोक नव्हतं, दोन भोकं एकमेकांत मिसळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं झालं होतं. आधी चुकीच्या जागी भोक पडलं, मग त्याला चिकटून बरोबर जागी पाडलं, आणि त्या पसरट भोकात रिव्हेट ठोकून वरून रंग फासला. आकड्याचा एक पोट कडेच्या इतका जवळ होता की मधे नखाएवढाही धातू उरला नव्हता. काका पहिल्यांदाच गंभीर झाले. वाकड्या रिव्हेटचा मला राग येत नाही, म्हणाले, तो दिसतो. हे झाकलंय.

इथे आम्हाला एक खरी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण लेकीच्या मनात तीच भीती होती. जॉन डेन्व्हर हे अमेरिकेचे फार लोकप्रिय गायक. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मोंटेरेच्या खाडीवर त्यांचं छोटं विमान कोसळून ते गेले. विमान लाँग-ईझी जातीचं, बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून एका हौशी माणसानं बांधलेलं, आणि डेन्व्हर यांनी नुकतंच विकत घेतलेलं. एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवायची मूठ आराखड्यात वैमानिकाच्या पायांच्या मधे होती. बांधणाऱ्यानं ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली. तिच्यावर कुठल्या टाकीला कोणती बाजू याची खूण नव्हती, इंधन दाखवणाऱ्या काचेवर आकडे नव्हते. ती फिरवायला मागे वळावं लागे, आणि तपासणाऱ्यांचा निष्कर्ष असा, की वळताना त्यांचा उजवा पाय नकळत दाबला गेला आणि विमान हातातून गेलं. निघण्याआधी इंधन भरून घेतलं नाही, हाही दोष त्यांनी नोंदवला. म्हणजे चूक एकाची नव्हती. बांधणाऱ्याची होती, आणि ती माहीत असून तशीच वापरणाऱ्याचीही. लेकीनं हे कुठेतरी वाचलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोराला यात बसवणार असशील तर ती बरगडी बदल."

बरगडी स्वस्त मिळते. पण ती काढायची म्हणजे वरच्या पत्र्यात तिच्यावरची सगळी रांग, पुढच्या तुळईचे, मागच्या तुळईचे, मिळून चाळीसच्या वर चांगले रिव्हेट उसवायचे. आणि प्रत्येक रिव्हेटबरोबर एक भोक बिघडायची जोखीम. जावईबापू दोन दिवस टाळत होते. कंपनीला फोटो पाठवले, तिकडूनही उत्तर आलं की बदला.

त्याच दिवसांत त्यांनी त्या आधीच्या गृहस्थांना फोन केला. रागानं केला असणार, असं आमच्या ह्यांना वाटलं, म्हणून हे मुद्दाम जवळ जाऊन बसले. पण पलीकडून आवाज थकलेला. त्यांना ती बरगडी आठवत होती. पत्नीचं ऑपरेशन होतं तो आठवडा, म्हणाले, हात ऐकत नव्हते, नंतर बदलेन म्हणून रंग लावला आणि नंतर आलंच नाही. मग आपणहून आणखी दोन जागा सांगितल्या. एक म्हणजे डाव्या टाकीचा मागचा कोपरा. दुसरी, आतल्या पत्र्यावर त्यांनी शिसपेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या. ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिल चालत नाही, तिच्यातला ग्राफाइट दमट हवेत धातूला गंज लावतो, म्हणून स्केच पेन वापरतात. हे त्यांना उशिरा कळलं होतं. या जागा आम्हाला चार काका आले असते तरी सापडल्या नसत्या.

टाकीचं थोडक्यात सांगतो. या विमानात पंखाची पुढची गोलसर कडा हीच पेट्रोलची टाकी असते. आत वेगळा डबा नाही, सांध्यांना काळं चिकट सीलंट भरतात. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि ते एकदा साडीला लागलं की साडी टाकायची. (एक पंजाबी सूट गेला आमचा.) टाकीत हलकी हवा भरून तोंडाला फुगा बांधला, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, सायकलच्या पंक्चरसारखं. सांगितल्या कोपऱ्यातच बुडबुडे आले. झाकण उघडून आतून नवं सीलंट भरलं, आठवड्यानं पुन्हा फुगा बांधला. या वेळी तो सकाळपर्यंत ताठ होता.

मग बरगडी. चाळीसच्या वर रिव्हेट काढायला तीन शनिवार-रविवार गेले. घाई नव्हती, उभं राहून दुखणारे पाय मात्र होते. जुनी बरगडी निघाली तेव्हा जावईबापूंनी ती फेकली नाही, भिंतीवर खिळ्याला अडकवली. नवीला आधी तयार करावं लागतं. भोकांच्या कडेची धातूची बारीक कूस काढायची, नाहीतर दोन पत्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि पुढे तिथूनच तडा जायला सुरुवात होते. मग प्रायमर. मग क्लिको नावाच्या स्प्रिंगच्या खुंट्यांनी तात्पुरती जोडायची. आपली कच्ची शिलाईच ती.

रिव्हेट ठोकायच्या दिवशी ठोकळा आमच्या हातात होता. आमच्या म्हणजे हे लिहिणारीच्या. वीसेक छान झाले. एकविसाव्याला मनगट दमलं, ठोकळा घसरला, शेपटी आडवी झाली आणि ठोकळ्याच्या कोपऱ्यानं नव्या बरगडीच्या कडेला बारीक खाच पाडली. बाहेरून जावईबापूंनी विचारलं, "ठीक?" आम्ही म्हटलं, "ठीक."

का म्हटलं ते सांगता येत नाही. चार महिन्यांची पाहुणी, जावयाचं घर, त्यांनी विश्वासानं दिलेलं काम. आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय, उद्या खालचा पत्रा लागला की झाकलं जाईल, असंही मनात आलं. रात्री हे घोरत होते आणि आम्ही छताकडे बघत होतो. नातू शेजारच्या खोलीत झोपलेला. भिंतीवर अडकवलेली ती जुनी बरगडी डोळ्यांपुढून हलेना. ज्या गृहस्थांना इतके दिवस नावं ठेवली, त्यांचा रंगाचा ब्रश आता आमच्या हातात होता.

सकाळी चहाच्या आधी सांगितलं. आवाज जरा कापला. जावईबापू उठले, गॅरेजात गेले, त्या जागी लाल चिकटपट्टी लावली आणि वहीत तारीख टाकून लिहिलं, एकविसावा रिव्हेट आडवा, पट्टीच्या कडेला खाच. मग म्हणाले, "आई, खाच घासून गुळगुळीत करता येते. खोल नाहीये. पण मला माहीत नसती तर मी घासली नसती." बारीक कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं ती कड त्यांनी सपाट केली, कारण टोकदार खाचेतूनच तडा सुरू होतो. रिव्हेट काढला. भोक शाबूत निघालं, अरेच्चा रिव्हेट लागला नाही. पुन्हा ठोकताना ठोकळा आमच्याच हातात दिला. ते आम्ही विसरणार नाही.

आता त्यांच्या वहीत शेवटी दोन पानं वेगळी केली आहेत. एकावर आधीच्या गृहस्थांच्या ज्या चुका मुद्दाम तशाच ठेवल्या त्यांची यादी, जागेसकट, का ठेवल्या त्यासकट. दुसऱ्यावर स्वतःच्या. उद्या हे विमान आणखी कुणी विकत घेतलं तर त्याला हातात दिवा घेऊन अंदाज करत बसावं लागू नये, म्हणाले. त्या दुसऱ्या पानावर आमची नोंद तिसरी आहे.

परवा फॅमिली ग्रुपवर फोटो आला. उजवा पंख अजून उलटाच आहे, खालचा पत्रा क्लिकोंनी नुसता टाचलाय. डाव्या पंखाची तपासणी व्हायची आहे, काका पुढच्या महिन्यात येणार आहेत. सगळं पुरं झालं की सरकारी तपासनीस येऊन बघतील, आणि त्यानंतरही पहिले साधारण ४० तास चाचणीची उड्डाणं, प्रवासी बसवायचा नाही असा नियमच आहे. नातवानं विचारलं, मग मी कधी? लेक म्हणते, चाळीस तास होऊ देत, वही मला वाचायला द्या, मग बघू.